जखम भरली, आजार राहिला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर तळाशी एक चौकट हमखास असते. गुप्तरोग, गरमी, परमा यांवर खात्रीचा इलाज, महिन्याच्या अमुक तारखांना तमुक लॉजवर भेटा. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रक्त काढण्यात नोकरी घालवली. ती चौकट वाचून गेलेली माणसे कधी ना कधी माझ्या खिडकीशी यायची, म्हणून हे लिहितो.

एक जोडपे आठवते. बायको चौथ्या महिन्यात पहिल्यांदा तपासणीला आली. गरोदर बाईचे रक्त एचआयव्ही आणि सिफिलिस म्हणजे गरमीसाठी तपासतातच. तिची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, रिअ‍ॅक्टिव्ह निघाली. नवऱ्याला बोलावले, तर तो बायकोकडेच डोळे वटारून बघायला लागला. काउन्सेलर मॅडमनी तिला बाहेर बाकावर बसवले आणि त्याला एकट्याला विचारले. मग खाली मान घालून म्हणाला, "वर्ष झालं, जागेवर फोड आलता. दुखत नव्हता. लॉजवरच्या डॉक्टरनं पुड्या दिल्या, महिन्यात साफ गेला की."

पुडीने काहीच केले नव्हते. सिफिलिसचा पहिला व्रण सहसा दुखत नाही आणि औषधाविना तीन ते सहा आठवड्यांत आपला आपण भरतो. श्रेय पुडीला जाते, जंतू अंगातच राहतो. तो जोडीदाराला लागतो, पोटातल्या बाळाला लागतो, गर्भ पडू शकतो, मूल मेलेले जन्मू शकते. आणि हे सगळे टाळायला पेनिसिलिनची इंजेक्शने पुरतात! दोघांनाही दिली. मुलगी झाली, तिचेही रक्त आम्ही तपासले.

दुसरी तऱ्हा उतावळ्यांची. शनिवारी रात्री काही घडले की सोमवारी सकाळी तोंडाला रुमाल बांधून हजर. "रिपोर्ट निल आहे ना, साहेब?" निलच असणार! एचआयव्ही रक्तात दिसायला काही आठवडे लागतात, आमच्याकडच्या साध्या चाचणीला तर तीन महिनेही. तिसऱ्या दिवसाचा निल रिपोर्ट फार तर त्या रात्रीच्या आधीचे सांगतो. 'तीन महिन्यांनी पुन्हा या, तोवर निरोध वापरा' हे मी दारापर्यंत जाऊन सांगायचो. परत येणारे थोडे. खरे तर सोमवारी त्याने खिडकीशी नव्हे, डॉक्टरकडे जायला हवे होते. जोखीम मोठी असेल तर 72 तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधे सुरू करता येतात, ती 28 दिवस घ्यायची असतात. परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, तसे नाही. लघवीला जळजळ, पू असा त्रास बहुधा दोन आठवड्यांत दिसतो, तेव्हा लगेच दाखवावे. लॉजवाल्याच्या तारखांची वाट बघू नये. आणि 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात या चाचण्या बहुधा नसतात, मागून घ्याव्या लागतात.

बायका फार उशिरा येतात. अंगावरून पांढरे जाते ते अंगावरच काढतात. प्रत्येक पांढरे जाणे म्हणजे गुप्तरोग नव्हे, पण वास, खाज, ओटीपोटात दुखणे असेल तर दाखवलेच पाहिजे. क्लॅमिडिया या गुप्तरोगात तर पुष्कळ जणींना काहीच जाणवत नाही आणि गर्भनलिका खराब झाल्याचे मूल होईना तेव्हा कळते. जोडीदार नवा असेल, त्याला त्रास असेल, तर स्वतःला काही होत नसतानाही तपासून घ्यावे.

लाज वाटते हे मान्य. आमच्या तपासणी केंद्राची पाटी एक्स-रेच्या रांगेसमोरच होती. बाकावरचे सगळे गाव कोण आत गेले ते बघायचे, आणि पाटी हलवा म्हणून मी दिलेले अर्ज फायलीत राहिले. तरी आतले बाहेर जात नाही. 2017च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट आहे. तिथवरही जायचे नसेल तर 1097 हा एड्सविषयी सल्ल्याचा मोफत फोन आहे.

आता आपल्याविषयी. गुप्तरोग बरे करण्याच्या औषधांची जाहिरात करायला 1954च्या कायद्यानेच मनाई आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक असेलच. ती चौकट काढून तेवढ्याच जागेत 1097 छापावे, ही विनंती. जाहिरातीचे पैसे बुडतील, ते कळते मला.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव छापू नये. गावात अजून त्या बाकावरचीच माणसे राहतात.)