सोन्याच्या पुस्तकांबद्दल, उप्सालाहून

उप्साला, स्वीडन
१९ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. सोन्यासाठी इथली निसर्गाची चित्रांची पुस्तकं पाठव म्हणालीस. एक पाठवतेय, आणि सोबत हे लांबलचक पत्र, कारण नुसतं पुस्तक हातात पडून तुमचं भागणार नाही.

पुस्तक एल्सा बेस्कोव्ह यांचं आहे, १९०१ सालचं. इथल्या घरांत ते अजून वाचलं जातं. पुट्टे नावाचा मुलगा आईसाठी ब्लूबेरी आणायला रानात जातो, काहीच मिळत नाही म्हणून रडत बसतो. मग ब्लूबेरीच्या रानाचा म्हातारा राजा येतो आणि त्याला इवलासा करून टाकतो. एरवी पायाखाली येणारी झुडपं त्याला एकदम झाडांएवढी दिसायला लागतात. चित्रं बेस्कोव्हबाईंनी स्वतःच काढलीत. ब्लूबेरीचं झुडूप कुठलं आणि लिंगनबेरीचं (इथलं लाल, आंबट रानफळ) कुठलं, हे चित्र बघून रानात ओळखता येतं.

आणि ते रान बसने जाता येईल इतकं जवळ आहे, खरी गंमत ती. आता ब्लूबेरीचा हंगाम आहे. परवा छकुली रानात गेल्या गेल्या पालथी पडली, हनुवटी शेवाळावर टेकवून. तिला पुट्टेएवढं व्हायचं होतं. मीही आडवी झाले. पानांखाली, वरून अजिबात न दिसणारी फळं लटकलेली होती. निळी-काळी, वर पांढुरकी धूळ बसल्यासारखी, आणि टोकाला बारीकशी गोल कडा. ‘राजाचा मुकुट!’ म्हणून ती ओरडली. बोट फिरवल्यावर ती पांढुरकी पूड पुसली जाऊन खालचा काळा रंग निघतो, हे तिचं तिनेच शोधून काढलं. संध्याकाळी जीभ, ओठ, बोटं सगळं जांभळं खाल्ल्यासारखं झालं होतं. रात्री तेच पुस्तक पुन्हा काढलं, तर या वेळी पानं उलटायची तिला घाईच नव्हती. एकेका चित्रावर बोट ठेवून आपण पाहिलेलं शोधत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे ताई, की पुस्तकातली वस्तू मुलाला चालत जाऊन हाताळता आली पाहिजे. नाहीतर पेंग्विन काय आणि राक्षस काय, त्याला दोन्ही सारखेच.

इथे बालवाडीपासूनच मुलांना पावसात, बर्फात बाहेर नेतात. अंगात वरपासून खालपर्यंत रबरी रेनकोट-पँट, पायात गमबूट, आणि मग चिखलात लोळलं तरी कोणी ओरडत नाही. १९५७ साली यस्टा फ्रूम नावाच्या गृहस्थांनी मुलांसाठी ‘मुल्ले’ नावाचा एक रानातला गडी कल्पनेतून उभा केला. रानात गेलं की मुलं ‘कोलिकोक!’ अशी हाळी देतात आणि मुल्लेचा वेष केलेलं कोणीतरी मोठं माणूस झाडांमागून येतं. तो त्यांना मुंग्यांचं वारूळ दाखवतो, कचरा का टाकायचा नाही ते सांगतो. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे रान कोणाच्याही मालकीचं असो, त्यात फिरायचा, फळं-आळंबी तोडायचा हक्क सगळ्यांना आहे, आणि १९९४ पासून तो राज्यघटनेतही आहे. अट अशी की कोणाच्या घराला, पिकाला, प्राण्यांना त्रास द्यायचा नाही आणि नासधूस करायची नाही. मुलं चालायला लागतात तेव्हापासून हे ऐकतात. (गोचिडी मात्र इथे फार. घरी आल्यावर काखा, गुडघ्यामागची जागा, केसांची मुळं रोज तपासावी लागतात.)

आता तुमच्याकडचं. ब्लूबेरी चिपळुणात कुठून आणणार? पण परसात कढीपत्ता आहे ना! पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर बघ, मोहरीहून लहान, पिवळसर गोल अंडं सुटंसुटं घातलेलं सापडेल. त्यातून निघणारी अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, कोणी खाऊ नये म्हणून. मोठी झाली की हिरवीगार होते. तेव्हा सोन्याला काडीने अगदी हळू स्पर्श करू दे. डोक्यामागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढेल आणि उग्र वास सोडेल. मग कोश, आणि साधारण दहा-बारा दिवसांत काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं फुलपाखरू. फोडणीसाठी ती फांदी तेवढी तोडू नकोस, आणि झाडावर औषध मारू नकोस.

आणि गणपती आलेच आहेत. या वर्षी पत्री बाजारातून आणू नका. बाबांना सांग, सोन्याला घेऊन बांधावर जा. आघाडा, दुर्वा, माका, बेल, रुई, धोतरा, सगळं त्यांना ओळखू येतं. आघाड्याचे तुरे शर्टाला चिकटले की त्याला ते झाड जन्मभर लक्षात राहील. रुई-धोतरा बाबांनीच तोडायचा, आणि घरी आल्यावर हात साबणाने धुवायचे. प्रत्येकातलं एक पान जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा, मग वहीत चिकटवा. शेजारी चित्र सोन्यानेच काढायचं. ते आघाड्यासारखं दिसत नसलं तरी सुधारून देऊ नका. बाबा नाव सांगतील ते तू लिही. सोन्याचं पहिलं निसर्गाचं पुस्तक हेच.

छापील मराठी पुस्तकं हवीत तर ज्योत्स्ना प्रकाशनाची बघ. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरही मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, पण ती फोनवर असल्यामुळे तू मांडीवर घेऊन वाच, फोन त्याच्या हातात देऊ नकोस. मी पाठवलेलं पुस्तक स्वीडिशमध्ये आहे, त्यातली गोष्ट मी मराठीत लिहून पानापानावर चिकटवली आहे. वाचताना ब्लूबेरीच्या जागी खुशाल करवंदं म्हण. मे महिन्यात करवंदांच्या जाळीशी त्याला खाली बसवून वर बघायला लाव, काटे सांभाळून.

वहीच्या पानांचे फोटो पाठव. कढीपत्त्यावर अळी सापडली तर रविवारच्या फोनवर सोन्यानेच सगळं सांगायचं, छकुली आतापासून विचारतेय.

बाबांना, भाऊजींना नमस्कार. सोन्याला गोड पापा.

तुझी,
धाकटी