पुस्तकांच्या दुकानासाठी वर्गणी नको, आगाऊ खरेदी हवी

समस्त वाईकर आणि वाईबाहेरचे वाईकर यांना सप्रेम नमस्कार.

बाजारपेठेतलं आपलं पुस्तकांचं दुकान बंद होणार, अशी कुजबुज गावात महिनाभर चालू आहे. ती अगदीच खोटी नाही. जागेचा भाडेकरार सप्टेंबरअखेर संपतोय आणि नवं भाडं वाढीव आहे. पुण्याच्या वितरकांची मागची बाकी फेडल्याशिवाय दिवाळीचा माल उधारीवर मिळणार नाही. दुकानदार काकांनी आमच्या वाचक मंडळापुढे हिशेबाची वही उघडून ठेवली. तिच्यात एक खर्च वर्षभर सतत दिसतो. खुर्च्यांचं भाडं, चहा, फ्लेक्स, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा प्रवासखर्च, नारळ आणि शाल. म्हणजे आपण दुकानात जे जे साजरं करतो, त्याचं सगळं बिल.

काय काय साजरं करतो, ते एकदा मांडू. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती असते. त्यांचं जन्मगाव नायगाव शेजारच्या खंडाळा तालुक्यातलं, म्हणजे आपल्या घरचंच कार्य. त्या दिवशी शाळेतल्या मुली दुकानात ‘काव्यफुले’मधल्या कविता म्हणतात. हा संग्रह १८५४ सालचा, हे ऐकून दरवर्षी कोणीतरी पालक चकित होतात. २७ जानेवारीला मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची जयंती. तेव्हा विश्वकोशाचा एखादा खंड उघडून जी नोंद समोर येईल ती मोठ्याने वाचायची, असा खेळ असतो. कधी ‘कापूस’ निघतो, कधी एखादा जर्मन तत्त्वज्ञ, आणि गंमत म्हणजे कापसावर चर्चा जास्त रंगते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला पाटीपूजन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन.

या सगळ्यावर कडी करते ती दिवाळी अंकांची संध्याकाळ. मधलं टेबल भिंतीला लावतात, सतरंज्या अंथरतात, दोरीवर अंक टांगतात. पहिला गठ्ठा कोणी सोडायचा, यावरून पोरांची भांडणं होतात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. आपल्याकडे फराळाच्या ताटाइतकंच अंकाला महत्त्व देणारी घरं अजून आहेत. त्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बाहेर रस्त्यावरही माणसं उभी असतात आणि रात्री दहाच्या आत ध्वनिक्षेपक बंद करायचा म्हणून काका घड्याळाकडे बघत असतात.

आता कटू बोलतो. एवढ्या गर्दीतून गल्ल्यात येणारी रक्कम फार थोडी असते. लोक येतात, पुस्तकं चाळतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि तेच पुस्तक ऑनलाइन सवलतीत मागवतात. यात बेकायदा काही नाही. ज्याचा पैसा त्याची मर्जी. पण दुकानदाराला छापील किमतीवर जे कमिशन मिळतं, त्यातूनच भाडं, वीज, कामाला असलेल्या ताईंचा पगार आणि पुण्याहून येणाऱ्या गठ्ठ्यांची हमाली भागवायची असते. तेवढीच सवलत त्याने गिऱ्हाईकाला दिली, तर हाती काय उरणार? शिवाय सगळी पुस्तकं परतीच्या बोलीवर मिळत नाहीत. कवितासंग्रहाच्या पाच प्रती रोखीने आणल्या, तर त्यातल्या तीन दोन-दोन वर्षं फळीवर राहतात. पावसाळ्यात दमट हवेने त्यांची पानं फुगतात, एखादीला कसर लागते, आणि मग ती प्रत निम्म्या किमतीतही कोणी घेत नाही.

एकेकाळी हा तोटा जून भरून काढायचा. वह्या, कंपासपेट्या, पाठ्यपुस्तकं, गाईडं. शाळेच्या हंगामातल्या नफ्यावर वर्षभर कवितेची फळी जगायची. आता बऱ्याच मुलांना वह्यांचे संच घाऊक दरात परस्पर मिळतात. पालकांच्या खिशाला ते बरंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जूनचा आधार गेला तो गेलाच.

काहीजण विचारतात, गावात जुनं ग्रंथालय आहे, मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला होते, पसरणी घाट चढून गेलं की पुस्तकांचं गाव भिलार आहे, मग दुकान कशाला हवं? प्रश्न रास्त आहे. ग्रंथालय हवंच, आमच्यातले निम्मे तिथलेच सभासद आहेत. पण तिथलं पुस्तक परत करावं लागतं. पहिल्या पानावर स्वतःचं नाव घालून, समासात पेन्सिलीने रेघोट्या मारून पुस्तक आपलंसं करायचं, तर ते विकतच घ्यावं लागतं. भिलारला ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, पण ती योजना बसून वाचण्याची आहे. ज्या ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय गावावरून ती कल्पना आली, ते गाव मात्र पुस्तकांच्या दुकानांवरच नावारूपाला आलं. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी तिथून पिशव्या भरून पुस्तकं आणली. आनंदच आहे. पण संमेलन चार दिवसांचं. ते पुन्हा साताऱ्यात कधी येईल कोण जाणे! मधल्या काळात नातवाला चित्रांचं पुस्तक हवं झालं, तर पुण्याचा अप्पा बळवंत चौक गाठायचा का? ज्या गावात प्राज्ञपाठशाळा उभी राहिली आणि जिथून मराठी विश्वकोशाचे २० खंड तयार होऊन महाराष्ट्रभर गेले, त्या गावात पुस्तक विकत घ्यायला एकही धड दुकान नसणं आम्हाला तरी पटत नाही.

तर मागणं काय आहे?

आधी हे स्पष्ट करतो की आम्ही वर्गणी गोळा करत नाही. आमचं मंडळ नोंदणीकृत नाही. अशा मंडळाने लोकांकडून जाहीर वर्गणी घ्यायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, आणि आम्हाला पावतीपुस्तकं छापून दारोदार फिरायचंही नाही. काकांनाही देणगी नको आहे. गिऱ्हाईक हवं आहे. तेव्हा आमच्या कोणाच्या हातात एक रुपयाही देऊ नका.

त्याऐवजी दुकानात आपलं ‘पुस्तकखातं’ उघडा. ५०० रुपये, १,००० रुपये किंवा झेपेल तेवढी रक्कम आगाऊ भरायची, दुकानाची पावती घ्यायची, आणि वर्षभरात त्या रकमेची पुस्तकं छापील किमतीने घ्यायची. सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. साधारण ५०० रुपयांची २०० खाती झाली, तर वितरकांची बाकी निघते आणि दिवाळी अंकांची आगाऊ रक्कमही उभी राहते. मध्येच दुकान बंद पडलं तर, ही शंका साहजिक आहे. म्हणून असं ठरलं आहे की खात्यांची रक्कम भाड्यासाठी वापरायची नाही, फक्त वितरकांची बाकी फेडून माल आणण्यासाठी वापरायची. दर महिनाअखेर मंडळातले दोघे खातेवही तपासतील. वेळ आलीच, तर शिल्लक रकमेइतकी पुस्तकं खातेदारांना आधी मिळतील. याहून मोठी हमी कोणी देऊ शकत नाही, आम्हीही देत नाही.

दिवाळी अंकांची नोंदणी यंदा ३१ ऑगस्टपर्यंत करा. आयत्या वेळी येऊन ‘तो अमका अंक संपला का?’ विचारण्यापेक्षा आधी सांगितलं, तर काकांना नेमके तेवढे अंक मागवता येतात. एका घराला दहा अंक परवडत नसतील, तर पाच घरांनी मिळून दहा घ्यावेत आणि आपसांत फिरवावेत. आळीआळीत अशा भिश्या लागाव्यात, अशी आमची फार इच्छा आहे. एक धोका आहे. पहिल्या घरात अंक अडकला की पुढची चार घरं गुढीपाडव्यापर्यंत ताटकळतात, त्यामुळे भिशीचा प्रमुख जरा कडक निवडा.

गणेशोत्सव मंडळांना खास विनंती. स्पर्धा तुम्ही घेताच. चित्रकला, रांगोळी, वक्तृत्व, पाककृती. बक्षीस म्हणून प्लास्टिकच्या ट्रॉफ्या दिल्या जातात, आणि त्या पुढे कपाटावर धूळ खात पडतात. यंदा निम्मी बक्षिसं पुस्तकांची द्या आणि ती आपल्या दुकानातून घ्या. कोणत्या वयाला काय द्यावं, याची यादी आम्ही करून देऊ. पाककृतीच्या विजेत्या वहिनींना पाककृतीचंच पुस्तक दिलं पाहिजे असं मुळीच नाही, त्यांना रहस्यकथा आवडत असेल. शाळांच्या बक्षीस समारंभांसाठीही हीच विनंती आहे.

कार्यक्रमांचा खर्च यापुढे दुकानावर टाकायचा नाही, हे मंडळात पक्कं ठरलं आहे. ज्यांना उचलायचा असेल त्यांनी एकेक बाब उचलावी आणि पैसे थेट संबंधिताला द्यावेत. कोणी मांडववाल्याला खुर्च्यांचं भाडं द्यावं, कोणी एका संध्याकाळचा चहा करावा, कोणी पुण्याहून येणाऱ्या लेखकाला आपल्या गाडीतून आणावं आणि घरी जेवू घालावं. वाडवडिलांच्या स्मरणार्थ एखादी संध्याकाळ पुरस्कृत करायची असेल तर अवश्य करा. फलकावर नाव लिहू. मात्र भाषण कराल तर पाच मिनिटांत आटपा. शाल-श्रीफळ आम्ही बंदच करणार आहोत, पाहुण्यांना पुस्तक देऊ.

पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या वाईकरांनी आपल्या जुन्या शाळेतल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने पुस्तकखातं उघडावं. मूल शिक्षक निवडतील, पुस्तकं ते मूल स्वतः दुकानात येऊन निवडेल. काय वाचावं याच्या सूचना कृपा करून पाठवू नका. स्वतःसाठी मागवायचं असेल, तर टपालाने पाठवू. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झालं तेव्हा बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना फटका बसला होता. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे. सुरू झालं तेव्हाचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा होता. त्यामुळे एकटं पुस्तक मागवण्यापेक्षा तीन-चार एकदम मागवलेली परवडतात.

ज्यांना पैशाने जमत नाही, त्यांच्या हातांची गरज आहे. दुकानातल्या पुस्तकांची यादी आजवर काकांच्या डोक्यात आहे, ती संगणकावर उतरवायची आहे. रविवारी सकाळी नऊ ते बारा हे काम चालेल. मराठी टंकलेखन येणारी कॉलेजची मुलं मिळाली तर सोन्याहून पिवळं. शनिवारी संध्याकाळी लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायला आजी-आजोबा हवेत. आवाज खणखणीत असावा, बाकी काही अट नाही.

आणि एक नको आहे. ‘दुकानाला मदत’ म्हणून माळ्यावरची जुनी गाईडं, गेल्या दशकातली क्रमिक पुस्तकं आणि अर्धवट सोडवलेल्या व्यवसायमाला आणून टाकू नका. भावना पोचली, पण जागा नाही.

खातं उघडणं, अंकांची नोंदणी आणि कामासाठी नाव देणं, तिन्ही गोष्टी दुकानातच होतील, रोज सायंकाळी पाच ते आठ. गल्ल्याशेजारी निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. गणेश मंडळांनी बक्षिसांची संख्या आणि स्पर्धकांचे वयोगट १५ ऑगस्टपर्यंत कळवावेत, म्हणजे पुस्तकं वेळेत मागवता येतील. भाडेकराराबाबत जागामालकांशी बोलायला १६ ऑगस्टच्या संध्याकाळी सहा वाजता मंडळाचे लोक जाणार आहेत. गावातल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांचा शब्द तिथे चालतो, त्यांनी साडेपाचला दुकानापाशी यावं.

आपले,
वाचक मंडळातील सर्व सभासद, वाई