पुळणीवरचे दिवे मालवा

कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांची वीण सुरू झाली की वेळास, आंजर्ले, गुहागरला पर्यटकांची रीघ लागते. लागू दे, गावाला चार पैसे मिळतात. पण पुळणीला खेटून असलेल्या रिसॉर्टांच्या प्रखर दिव्यांचे काय? साधारण पन्नास दिवसांनी वाळू उकरून बाहेर पडलेली पिल्ले उजेडाकडे सरकतात. समुद्राऐवजी हॅलोजन दिसला की ती उलटी फिरतात आणि कुत्र्या-कावळ्यांचे आयतेच फावते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव वाघाच्या पंगतीला आहे. वागणूक मात्र तशी नाही! नोव्हेंबर ते मे समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवावेत आणि वाळूत गाड्या घालणाऱ्यांना दंड करावा, असा आदेश जिल्हा प्रशासनाने हंगामापूर्वीच काढावा.

– एक वाचक, दापोली