व्हीसीआर भंगारात देऊ नकोस

दादर,
२३ जून २०१३

प्रिय संज्या,

तुझं पत्र काल आलं आणि पहिल्या चार ओळीतच पोटात गोळा आला, व्हीसीआर गेला, नुसत्या मुंग्या दिसतायत, भंगारवाला आला की देऊन टाकतो म्हणे. अरे थांब! काहीही बिघडलेलं नाहीये त्याचं. मुंबईत ३१ ऑक्टोबरपासून केबल डिजिटल झाली तेव्हा आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, तुमचं नाशिक दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्चच्या मुदतीत आलं, म्हणून तुझ्याकडे मुंग्या आत्ता आल्या.

पूर्वी केबलच्या वायरीतून प्रत्येक चॅनेल आपापल्या फ्रिक्वेन्सीवर यायचं आणि व्हीसीआरच्या पोटातला ट्यूनर त्यातलं हवं ते उचलायचा, म्हणून तर तुझे अण्णा टीव्हीवर मॅच बघायचे आणि त्याच वेळी काकूंची मालिका टेप व्हायची. आता वायरीतून येतं ते फक्त सेट टॉप बॉक्सला कळतं. टेप वाचणारं हेड, मोटर, सगळं ठणठणीत आहे, चॅनेल लावायचं काम तेवढं बॉक्सकडे गेलंय.

तर असं कर. बॉक्सच्या मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं आहेत, तिथून वायर काढून व्हीसीआरच्या मागे जिथे इन लिहिलंय तिथे घाल. तुझा व्हीसीआर मोनो आहे बहुतेक, म्हणजे आवाजाला एकच भोक असेल, तिथे नुसती पांढरी घातलीस तर डाव्या बाजूचाच आवाज येईल, म्हणून दोनाची एक करणारी पिन मिळते दुकानात ती आण. मग व्हीसीआरवर चॅनेल १ च्याही खाली जात रहा, एव्ही किंवा एल असं काहीतरी येईल, तिथे थांब. चित्र दिसलंच पाहिजे. तुमच्या जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाचंच भोक आहे ना, काळजी करू नकोस, व्हीसीआर ते टीव्ही ही आधीची जाड वायर तशीच राहू दे, तो बॉक्सचं चित्र घेऊन पूर्वीसारखाच टीव्हीला देईल. फक्त बघताना व्हीसीआर चालू ठेवावा लागेल.

काकूंना पहाटेचं कीर्तन हवंय तर टायमर लाव, पण टायमरमध्येही चॅनेलच्या जागी एव्हीच निवड, आणि बॉक्स रात्रीच त्या चॅनेलवर लावून चालू ठेव. व्हीसीआर काही बॉक्सचं चॅनेल बदलू शकत नाही. वेळेवर बदललंस तर खालची ती चॅनेलच्या नावाची पट्टी पण टेपवर येते, दरवेळी बघताना ती टोचत राहते. आणि मध्ये लाईट गेली तर घड्याळ शून्यावर लुकलुकत बसतं, टायमर गेला, म्हणून झोपायच्या आधी एकदा बघून घ्यायचं.

आवाजाचं मात्र नीट लक्षात ठेव, हे मी फार वाईट पद्धतीनं शिकलो. डिसेंबरात आत्याला सह्याद्रीवरची नाट्यसंगीताची मैफल हवी होती, तिला त्या रात्री दवाखान्यात थांबायचं होतं. मी सगळं जोडलं, टायमर लावला, तीन तासांची नवी ई-१८० टेप घातली. सकाळी ती आली, चहा घेऊन बसली आणि गायिका तोंड उघडतेय, तबलजीचे हात चाललेत, आवाज शून्य! रात्री कुणीतरी बॉक्सच्याच रिमोटनं म्यूट केलं होतं आणि आमच्या बॉक्समधून बाहेर जाणारा आवाज त्याच्याच व्हॉल्यूमवर चालतो. आत्या काही बोलली नाही, पूर्ण दोन तास तशीच बघत बसली, ओठांवरून पदं ओळखत होती. मला अजून आठवलं की कसंतरी होतं. तेव्हापासून बॉक्सचा आवाज कायम भरपूर ठेवतो आणि कमी-जास्त करायचा तो टीव्हीवर.

एक बघत असताना दुसरं टेप करणं एका बॉक्सवर होत नाही रे, ते गेलं. पण दूरदर्शन अजून वरळीच्या टॉवरवरून अँटेनावर जुन्याच पद्धतीनं येतंय! मी गच्चीवरची ॲल्युमिनियमची काडी-अँटेना सरळ करून वायर थेट व्हीसीआरला दिली आणि त्याचा तो बिचारा ट्यूनर पुन्हा कामाला लागला, फार बरं वाटलं. तुमच्या गच्चीवर अजून आहे का बघ, तिकडेही लागायला हवं.

आता अण्णांच्या टेपा. पाऊस सुरू झालाय, आत बुरशी धरली असेल तर खिडकीतून रिळावर पांढरे ठिपके दिसतात, तसली टेप घालू नकोस, हेडला बुरशी लागली की पुढची प्रत्येक टेप खराब. तुझ्या मुंजीची, त्यांच्या हातची ‘पुसू नये’ लिहिलेली आहे ना, तिचा मागचा प्लास्टिकचा टॅब त्यांनी माझ्यासमोर स्क्रू-ड्रायव्हरनं मोडला होता, म्हणून त्यावर रेकॉर्ड होत नाही. कोरी टेप मिळाली नाही म्हणून त्या जागी चिकटपट्टी लावून ती वापरू नकोस, माझ्याकडे चार कोऱ्या आहेत, पाठवतो. आणि ती लावणार कशावर, व्हीसीआर दिलास तर?

पुढच्या रविवारी दुपारी फोन कर, व्हीसीआरच्या मागे बॅटरी घेऊन बसूनच कर, एकेक वायर सांगतो. काकूंना नमस्कार.

तुझा,
मोहन