मास्तर, तुमचं बोट ‘आज’वर थांबलं होतं

आदरणीय मास्तर,

सप्रेम सलाम.

पप्पा गेल्यावर महिन्याभरात मी वर्कशॉपच्या खुर्चीवर बसलो. आठवड्याच्या आत अकराही कामगार केबिनमध्ये आले. रात्रीच्या कामाची सक्ती कमी करा, आम्ही तुमच्यासोबत राहू, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी म्हणालो, तीन दिवस द्या. हे बायबलमधल्या रहबाम राजाचं वाक्य आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. मित्र म्हणाले, आत्ता नमलास तर डोक्यावर बसतील. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय काढून दिला. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे त्यांना वाचून दाखव म्हणाले. पवित्र शास्त्र असं चाबकासारखं हातात धरलेलं बघून आलेला राग अजून गेलेला नाही. कामगारांची अडचण काय, हे सल्ला देणाऱ्यांतल्या एकानेही विचारलं नाही.

तुम्ही एसटीने आलात, टेकलात आणि पहिलंच विचारलंत, “ते काय म्हणतात?”

माझं सगळं ऐकून घेतलंत आणि पप्पांचंच बायबल मागून त्यातल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा १२वा अध्याय काढलात. लहानपणापासून ही गोष्ट मी एका मूर्ख राजाची म्हणून ऐकलेली. तुम्ही आधी शखेम गावी रहबामापुढे जमलेल्या लोकांकडे बघायला लावलंत. रहबामाच्या बापाने, शलमोन राजाने, मंदिर ७ वर्षांत बांधलं, स्वतःचा वाडा १३ वर्षांत. लबानोनात पाठवायला ३०,००० माणसं वेठीला धरली. शिवाय ७०,००० ओझी वाहणारे आणि डोंगरात ८०,००० पाथरवट. ती माणसं बंड करायला आली नव्हती, तुम्ही म्हणालात, जू हलकं करा आणि आम्ही तुमची चाकरी करू, इतकंच सांगायला आली होती. मला पप्पा आठवले. तुम्हाला ते कळलं असणार, कारण तुम्ही नजर खिडकीकडे वळवलीत.

मग सातवं वचन. म्हातारे सल्लागार रहबामाला सांगतात, आज तू या लोकांचा सेवक झालास, त्यांच्याशी गोड बोललास, तर ते कायमचे तुझे सेवक होतील. तुमचं बोट ‘आज’ या शब्दावर होतं. मी पुढे वाचू लागलो, तरी तुम्ही ते उचललं नाहीत. वयाने थरथरतं ते बोट, पण त्या शब्दावरून सरकलं नाही. तोंडाने तुम्ही काहीच बोलला नाहीत. मास्तर, त्या बोटासाठीच हे पत्र आहे.

पुढचं मी रात्री एकट्याने वाचलं. बरोबर वाढलेल्या मित्रांचा तो सल्ला, करंगळी बापाच्या कमरेहून जाड, चाबकाच्या जागी विंचू. रहबाम तेव्हा ४१ वर्षांचा होता, अजाण पोर नव्हता. त्याच्याच बापाने गिबोनात देवाकडे समजदार मन मागितलं होतं! लोक चिडल्यावर या राजाने पाठवलं कुणाला, तर वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला. त्याला दगडमार झाला, राजा रथात बसून यरुशलेमेला पळाला, राज्य दुभंगलं. पाचव्या वर्षी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, शिशक राजाने सोन्याच्या ढाली नेल्या आणि रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करून घेतल्या. त्या पितळेच्या ढालींपाशी मी खूप वेळ थांबलो.

तिसऱ्या दिवशी कामगारांना केबिनमध्ये न बोलावता मीच शेडमध्ये गेलो. काय ठरलं ते आमच्यात राहू दे. अकराच्या अकरा माणसं आज कामावर आहेत.

तुमच्यासारखी माणसं आपल्या मंडळ्यांत आहेत, मास्तर. स्टेजवर त्यांना कुणी बोलवत नाही, हारतुरे मिळत नाहीत, पण कुणी अडला की ती एसटी पकडून येतात, आधी ऐकून घेतात आणि अडलेल्याला लहान न करता परत जातात. माझ्या पडत्या काळात असं माणूस माझ्या दारात आलं, याबद्दल मी देवाचे रोज आभार मानतो.

निघताना खूण म्हणून तुम्ही खिशातलं एसटीचं तिकीट त्या पानात ठेवलंत. पप्पांच्या बायबलमध्ये ते अजून तिथेच आहे.

तुमच्या मित्राचा मुलगा