तुवालू करारातले कलम चार

संपादक महोदय,

पॅसिफिक महासागरातला तुवालू हा छोटा बेटदेश वाढत्या समुद्रात बुडणार आणि ऑस्ट्रेलिया तिथल्या सगळ्या लोकांना सामावून घेणार, अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येतात. त्या अपुऱ्या आहेत आणि वाचकाची दिशाभूल करतात.

तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या ज्या फालेपिली कराराच्या आधारे हे छापले जाते, त्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सह्या झाल्या आणि तो २८ ऑगस्ट २०२४ रोजी लागू झाला. त्यात ‘सगळ्यांना’ असे कुठेही नाही. वर्षाला जास्तीत जास्त २८० जणांना व्हिसा मिळतो, तोही सोडतीने. नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, वयाची अट १८ पूर्ण, हाती नोकरी असण्याची गरज नाही. जून-जुलै २०२५ मधल्या पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीय धरून ८,७५० जणांची नोंद झाली. देशाची लोकसंख्या साधारण ११ हजार! हा व्हिसा कायम वास्तव्याचा असला तरी निर्वासिताचा नाही. तो घेणारा तुवालूचाच नागरिक राहतो, हवे तेव्हा परत येऊ शकतो. खरी काळजी वेगळीच आहे. एवढ्या छोट्या देशात प्रत्येक खात्याचा कारभार मोजक्या माणसांवर चालतो. त्यातली नर्स, शिक्षक, हिशेबनीस अशी दोन-चार माणसे एकाच सोडतीत गेली, तर त्यांच्या जागी कोणाला बसवायचे?

बातम्यांतून हमखास गळते ते कलम चार. नैसर्गिक आपत्ती, महामारी किंवा लष्करी आक्रमण झाल्यास तुवालूने मागणी केली की ऑस्ट्रेलिया मदतीला जाईल, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग असा, की संरक्षण आणि सुरक्षेशी संबंधित कोणताही समझोता तिसऱ्या देशाशी किंवा संस्थेशी करण्याआधी तुवालूने ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची. ‘सुरक्षा’ म्हणजे नुसते सैन्य नव्हे. पोलीस, सीमारक्षण, सायबर सुरक्षा, बंदरे, दूरसंचार, वीज हे सगळे त्यात येते. म्हणजे उद्या बंदराचा धक्का बांधायला दुसऱ्या देशाची मदत घ्यायची, तर विषय परराष्ट्र खात्यापुरता राहत नाही, बांधकाम आणि दळणवळण सांभाळणाऱ्या मंत्र्यांनाही कॅनबेराकडे पाहावे लागते. १६ सदस्यांची संसद, राजकीय पक्ष नाहीत. चार-पाच सदस्य इकडचे तिकडे झाले की सरकार बदलते. तिथे या कलमावरून वाद झाला तो उगाच नाही. सही करणारे पंतप्रधान कौसेआ नाटानो जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत स्वतःची जागाही राखू शकले नाहीत. नंतर आलेल्या फेलेटी टिओ सरकारने मात्र करार पुढे नेला.

असे असूनही तुवालूला कोणाच्या ताटाखालचे मांजर म्हणणे अन्यायाचे ठरेल. नाऊरू या दुसऱ्या पॅसिफिक बेटदेशाने जानेवारी २०२४ मध्ये तैवानला सोडून चीनशी संबंध जोडले. तुवालूने १९७९ पासूनचे तैवानशी असलेले नाते तोडलेले नाही. समुद्र वाढला तरी तुवालूचे राष्ट्रत्व आणि सार्वभौमत्व कायम राहील, हे याच कराराच्या दुसऱ्या कलमात ऑस्ट्रेलियाकडून लिहून घेतले आहे. माझ्या मते तुवालूच्या पदरात पडलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. जमीन जेमतेम २६ चौरस किलोमीटर. पण तिच्याभोवतीचे सागरी आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या मासेमारीवर त्या देशाचा हक्क असतो तो समुद्र, लाखो चौरस किलोमीटरचे, आणि सरकारी तिजोरीचा मोठा आधार म्हणजे तिथल्या ट्यूना मासेमारीचे परवाने. राष्ट्रत्वच गेले तर ते परवाने देणार कोण?

पुढच्या सोडतीची बातमी छापताना २८० या आकड्याशेजारी ही दोन्ही कलमेही द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली