गजू, पोरीच्या इंग्रजीचं विचारलंस म्हणून

दारव्हा, जि. यवतमाळ
१२ जून २०२५

प्रिय गजू,

तुझा फोन आला तेव्हा मी तहसीलमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. तू म्हणालास, "लिहूनच पाठव, पोरगीबी वाचंन." म्हणून हे लांबलचक पत्र. आधी पावसाचं. मे महिन्यातच आला म्हणून सगळे नाचले, आता दडी मारून बसलाय. इकडं ज्यांनी घाईघाईत सरकी टोबली त्यांची तोंडं सुकली आहेत. तू थांबलास हे बरं केलंस.

आता मुद्द्याचं. वैष्णवी बारावी सायन्स पास झाली, आता "बी.ए.ला इंग्लिश लिटरेचर घेतो" म्हणते, मामाजी म्हणतात डी.फार्म. कर, आणि तू मधात फसलास. माझं उत्तर पहिल्यांदाच सांगून टाकतो: घेऊ दे. पण पोरगी प्राध्यापक होईल, या आशेवर घेऊ देणार असशील तर नको घेऊ देऊ.

हे मी कडू तोंडानं लिहीत नाही, हिशोबानं लिहितोय. मी एम.ए. झालो, प्राध्यापकीच्या पात्रतेची राज्याची परीक्षा, सेट, काढली आणि सीएचबीवर शिकवलं, हे तुला माहीत आहे. पण सीएचबी म्हणजे नेमकं काय असतं ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा आईला मी "प्राध्यापक लागलो" म्हणून पेढे वाटू दिले होते. सीएचबीला पगार नसतो, तासिकेवर मानधन असतं. शिकवाल तेवढ्या तासाचे पैसे. कॉलेज उघडतं जूनमध्ये, मुलाखती होतात पोळ्याच्या आसपास, ऑर्डर हातात येते त्याच्याही नंतर. परीक्षा सुरू झाली की तास बंद, म्हणजे पैसे बंद. दिवाळीची सुट्टी, उन्हाळा, सगळा आपल्या अंगावर. बिल वर गेलं की कधी उतरेल त्याचा नेम नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तीच माणसं समोर बसून तोच प्रश्न विचारणार, "आपला परिचय द्या."

आणि कायमची जागा? ती निघते, नाही असं नाही. पण आपल्याकडच्या काही संस्थांमध्ये जाहिरात यायच्या आधीच जागेचा भाव बाजारात फिरतो, आणि तो भाव लोक रुपयात सांगतच नाहीत, एकरात सांगतात. "दोन एकर गेले म्हणे त्याचे." नाव कुणाचं घेत नाही, तुलाही माहीत आहेत.

त्यात एक अपवाद आहे तो पोरीला जरूर सांग. यूजीसीची नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा असते: पन्नास प्रश्नांचा पहिला पेपर, शंभर प्रश्नांचा दुसरा, सगळे मिळून ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यात वरच्या गुणांवर जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी. करताना महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, २०२३ पासून हा दर आहे. ते पैसे कुठल्या संस्थाचालकाच्या हातून येत नाहीत. तेवढी हुशारी आणि चिकाटी दिसली तर प्राध्यापकीचा विचार करायला हरकत नाही. नुसत्या सेटवर नको.

आता डिग्रीचं. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण खरा धोका इथंच आहे आणि मामाजींना तो दिसत नाही. त्यांना वाटते, इंग्रजी घेतलं तर नापास होईल. गजू, इंग्रजी वाङ्मयात इंग्रजी न येताही पास होता येतं. आमच्या वर्गात सर कवितेची ओळ वाचायचे, मग मराठीत गोष्ट सांगायचे, आणि म्हणायचे, "बाकी गाईडमध्ये आहे." स्टँडच्या समोरच्या दुकानात गाईड मिळायचं. त्यातली वीस उत्तरं पाठ केली की त्यातली पाच पेपरात पडायचीच. नाटकातल्या नायकाचा स्वभाव, कवीची निसर्गदृष्टी, सगळं पाठ. मूळ नाटक अर्ध्या वर्गानं उघडलेलं नव्हतं. आमच्यातला एकजण प्रथम श्रेणीत आला आणि त्याला बँकेत एटीएम कार्ड हरवल्याचा अर्ज इंग्रजीत लिहायचा होता तर तो माझ्याकडं आला. दोष त्याचा नाही. आपली पिढी पाचवीत एबीसीडी शिकली. पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं. त्यानंतरची पोरं आपल्यापेक्षा जास्त वर्षं इंग्रजी शिकतात, पण गाईडची सवय तीच आहे. फक्त आता ते मोबाईलवर पीडीएफ होऊन येतं.

म्हणून वैष्णवीला एकच गोष्ट सक्तीची कर: जे पुस्तक अभ्यासाला लागलं ते मूळ वाचायचं, आधी पुस्तक, मग गाईड. शब्द अडले तर अडू दे. आणि रोज एक पान इंग्रजीत स्वतःचं लिहायचं, मग ते गोठ्यातल्या गाईबद्दल का असेना. नागपूरचा 'हितवाद' १९११ पासून निघतो. इंग्रजी आहे आणि बातम्या आपल्याच मुलखाच्या असतात, त्यामुळं अर्धा अर्थ आधीच माहीत असतो. दिल्ली-मुंबईच्या पेपरापेक्षा सुरुवातीला तोच बरा. तीन वर्षं एवढं केलं तर तिच्या हातात डिग्रीखेरीज आणखी काहीतरी असेल, आणि त्याचीच किंमत होते.

कोर्सही आता आपल्या वेळचा राहिला नाही. आपल्याला कंपल्सरी इंग्लिश, मराठी आणि तीन विषय सारख्या वजनाचे असायचे. नव्या शैक्षणिक धोरणात एक विषय मेजर, एक मायनर, शिवाय इतर शाखेतला एखादा. एका वर्षावर सोडलं तर प्रमाणपत्र, दोनावर डिप्लोमा, तीनावर पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि मग एम.ए. एकाच वर्षाचं. चौथं वर्ष तिथंच होते की बाहेर जावं लागते, हे प्रवेशाच्या आधी कॉलेजात विचारून घे. मेजर इंग्रजी घेतलं तर मायनर राज्यशास्त्र किंवा इतिहास घ्यायला सांग, स्पर्धा परीक्षेत कामी येते. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नको, साइट तेव्हा हमखास बसते.

पोट कशावर भरेल, हा तुझा खरा प्रश्न.

शाळेचं सगळ्यात आधी सुचते, म्हणून थोडक्यात. बी.एड. दोन वर्षांचं, त्याची सीईटी. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी भाषेची वेगळी चाचणी असते, त्यात लिटरेचरवाल्यांना सोपं जाते. मग शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, टेट. ती २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, आणि आता या मे-जूनमध्ये. २०१७ नंतर बी.एड. झालेल्या पोरांनी काय केलं असेल तूच सांग. फाट्याफाट्यावरच्या कॉन्व्हेंटमध्ये मात्र इंग्रजीची मॅडम बाराही महिने पाहिजे असते. पगार विचारू नको, शेतमजुराच्या हजेरीशी तुलना केली तर मॅडमलाच लाज वाटेल. दोन वर्षं अनुभवासाठी ठीक आहे, जन्मभर नाही.

स्पर्धा परीक्षेत इंग्रजीचं वजन लोकांना कळत नाही. २०२३ ची तलाठी भरती आठव. शंभर प्रश्न, त्यातले पंचवीस इंग्रजीचे. बँक क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे असतात. आपल्या गावातली पोरं लायब्ररीत रात्र-रात्र बसतात, गणित नि बुद्धिमत्ता घोटून काढतात, आणि इंग्रजीच्या उताऱ्यापाशी येऊन अडतात. वैष्णवी तिथं अडणार नाही. पण एमपीएससीच्या नावानं चार-पाच वर्षं खोलीत बसायची मुभा तिलाही देऊ नको. एक मुदत ठरवा आणि ती पाळा.

माझं काय चाललंय ते विचारतोस ना नेहमी, "तू घरी बसून करतोस तरी काय?" ऐक. खालच्या कोर्टातला खटला नागपूर खंडपीठात गेला की सातबारा, फेरफार, साक्षीपुरावा, मृत्युपत्र, सगळी मराठी कागदपत्रं इंग्रजीत करून द्यावी लागतात. धरणात गेलेल्या जमिनी, आता वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेत गेलेल्या जमिनी, मोबदल्याची अपिलं, भावाभावाच्या वाटण्या. वकील लोक पानावर पैसे देतात. शिवाय पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांना देणगीदारांसाठी इंग्रजीत अहवाल लागतात, आणि बियाण्याच्या, औषधाच्या कंपन्यांना शेतकऱ्यांसाठी मराठीत पत्रकं. या कामाला नुसतं इंग्रजी पुरत नाही. पोटखराबा म्हणजे काय, आणेवारी कशी लावतात, बांध कोरला म्हणजे नेमकं काय झालं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते धड लिहिता येतं. पुण्यातल्या मुलाला इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं येत असेल, पण फेरफार त्याला वाचता येत नाही. माझी भाकर त्या फरकावर आहे.

खोटं सांगत नाही, हे कामही बदललं आहे. मशीन भाषांतर करते. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्येच निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' नावाचं सॉफ्टवेअर आणलं, आणि मशीननं केलेलं माणसं तपासतात. माझ्याकडंही आता अर्धं काम तपासणीचंच येते, आणि तपासणीचा दर भाषांतराच्या दराहून कमी असतो. साधी पत्रकं हातातून गेली. जमिनीची कागदपत्रं अजून टिकून आहेत, कारण तिथं एक गट नंबर चुकला तर माणूस शेताला मुकतो आणि सही करायला कुणीतरी जबाबदार लागतो. वैष्णवी डिग्री घेऊन बाहेर पडेल तोवर काय उरेल ते मी छातीठोक सांगू शकत नाही. मात्र ज्याला दोन्ही भाषा खोलवर येतात आणि त्याशिवाय एखादा धंदा, कायदा म्हण, शेती म्हण, हिशोब म्हण, आतून माहीत आहे, त्याला सगळ्यात शेवटी काढतील.

म्हणूनच मला तिच्यासाठी सगळ्यात जास्त पटते ती वकिली. बी.ए. नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. हायकोर्टाचं सगळं काम इंग्रजीत चालते आणि आपल्या तालुक्यात नीट इंग्रजी मसुदा लिहिणारे वकील बोटावर मोजण्याइतके आहेत. मी रोज त्यांचे मसुदे पाहतो, म्हणून बोलतो. पत्रकारिता करायची तर भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र अमरावतीतच आहे, त्यासाठी दिल्ली गाठायला नको. आणि खरंच भाषेचं वेड असेल तर हैदराबादचं इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ आहे, केंद्रीय आहे. तिथं फ्रेंच, जर्मन, जपानीसुद्धा शिकता येते. तू हैदराबाद म्हटल्यावर दचकशील. दचकू नको, पुण्यापेक्षा लांब नाही ते.

मामाजींना सांग, डी.फार्म. वाईट नाही. दोन वर्षांत होते, मेडिकल टाकता येते. पण मेडिकल टाकायला भांडवल लागते, आणि तुमच्या फाट्यावर आताच किती मेडिकल आहेत ते त्यांनी मोजावेत. शिवाय पोरीला आवडत नाही. "शेतकऱ्याच्या पोरीनं इंग्रजी वाङ्मय शिकून का करावं" असं ते म्हणाले तर भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची आठवण करून दे. पापळ गावचा शेतकऱ्याचा पोरगा ऑक्सफर्डला वेदांवर प्रबंध लिहून आला, आणि १९३२ ला अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली. मामाजी त्याच संस्थेच्या शाळेत शिकले ना?

एक गोष्ट तुझ्याशी बोलायची आहे, वैष्णवीनं हे वाचलं तरी चालेल. आपल्याकडं पोरीचं बी.ए. म्हणजे लग्न जमेस्तोवरची सोय असते. दुसऱ्या वर्षाला स्थळं येतात, तिसऱ्या वर्षी साखरपुडा, आणि शेवटचे पेपर हातावर मेंदी असताना. वहिनीच्या मनात तसं असेल तर आत्ताच स्पष्ट बोला, मग कुठला कोर्स याला अर्थच नाही, जवळचं कॉलेज बघा आणि मोकळे व्हा. पण पोरीला खरंच काही करायचं असेल तर पदवी आणि त्यापुढची तीन वर्षं स्थळाचं नाव काढायचं नाही, हे तू बाप म्हणून आधी कबूल कर. यवतमाळला वसतिगृहात ठेव. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तरी रोजच्या येण्या-जाण्यात दोन-तीन तास जातात, आणि शेवटची गाडी चुकली की तुझा जीव टांगणीला.

प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी एकदा तिला घेऊन ये. रविवारी मी घरीच असतो. माझ्याकडं एक जुनं खरेदीखत पडलं आहे, त्याचं एक पान तिला इंग्रजीत करायला देतो. जमलं नाही तरी चालेल, ती त्या कागदाशी कशी भांडते ते मला पाहायचं आहे. मामाजींनाही सोबत आण. डी.फार्म.वर त्यांच्याशी भांडायला मला माणूस पाहिजेच आहे, आणि आमच्याकडं यंदाचं लोणचं बरं जमलंय.

वहिनीला नमस्कार, बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
विन्या